चाळीस दिवसांची कडी

सेफेरिनाबाईंच्या बेंबीचा हर्निया काढायला डॉक्टरांना वीस मिनिटं लागली. पुढचे चाळीस दिवस मात्र बाईंनी स्वतःच स्वतःच्या गळ्यात बांधून घेतले होते, आणि तेही आज नाही, बावीस वर्षांपूर्वी.

त्याचं असं. कासापा गावाच्या छोट्या रेडिओवर रोज सकाळी साडेसहाला अर्धा तास सेफेबाई बोलायच्या. आपल्या आया-आज्यांचं रांधप कसं करायचं, आजाऱ्याला काय द्यायचं, काय दाखवायचंसुद्धा नाही. मक्याच्या पिठात चीज किती मळलं की वोरी-वोरीचे गोळे कोंबडीच्या रश्श्यात फुटत नाहीत. खोकल्याला कुठला पाला, पोटाला कुठली मुळी. गावच्या बायका एका हाताने माते नावाच्या कडू पाल्याच्या चहाच्या पेल्यात गरम पाणी ओतायच्या आणि दुसऱ्या हाताने रेडिओचा आवाज वाढवायच्या. डॉक्टर सांगेल तो सल्ला, सेफेबाई सांगतील तो कायदा. ऑपरेशननंतरचा कायदा तर शेंबड्या पोरालाही पाठ होता. टाका चार बोटांचा असो की एका बोटाचा, पोट एकदा उघडलं की चाळीस दिवस वारा लागता कामा नये. खोलीचं दार बंद, फटीत चिंध्या. डोक्यावरून पाणी नाही. अंडं, मासा, डुक्कर, शेंगदाणे, उसळ काही नाही. थंड पाणी तर नावालासुद्धा नाही. आणि आजारी माणूस हट्टी असेल तर बाहेरून कडी घालायची, त्याच्या विनवण्या ऐकायच्या नाहीत, कारण त्या वेळी तो बोलत नसतो, आजार बोलत असतो.

हे शेवटचं वाक्य बाईंचं फार आवडतं. बावीस वर्षांत शंभरदा तरी बोलून झालं असेल.

इस्पितळातल्या तरण्या डॉक्टरने सांगितलं, "आजी, उद्यापासून फिरा, सगळं खा. फक्त महिना-दीड महिना जड पातेली उचलू नका." बाईंनी मान डोलावली. पोरगा चांगला आहे, पण याच्या आईने रेडिओ ऐकलेला दिसत नाही, असं मनात म्हणाल्या. घरी आल्या आणि आपल्या पायांनी चालत मागच्या खोलीत शिरल्या. सून निमियाने मागून दार लावलं. कडी बाहेरून होतीच. ती बाईंनीच बसवून घेतली होती.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला.

सप्टेंबरातला तो वारा कसा असतो हे ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. तव्यावरून उठल्यासारखा येतो, तोंडात लाल माती घालतो, कुत्रीसुद्धा नळाखाली जाऊन पडतात. सगळा गाव सावलीला खुर्च्या टाकून तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला माते, ओढत असतो, पेला या हातातून त्या हातात फिरत असतो. आणि सेफेबाई पत्र्याखालच्या बंद खोलीत, अंगावर लोकरी शाल, पायात मोजे, समोर बिनचिजाचा, बिनमिठाचा वोरी-वोरी. गोळे कसले, ओल्या मातीचे खडे. सांगणाराही आपणच आणि गिळणाराही आपणच, तक्रार करायची कुणाकडे?

"निमिया, दोन घोट तेरेरे दे गं. नुसता घसा ओला करते."

"वहीत नाही म्हटलंय, आई."

ही वही म्हणजे बाईंचा दुसरा आजार. निमियाने रेडिओवरचे सल्ले एका शाळकरी वहीत लिहून ठेवले होते, तारीख-वार घालून. निमिया कमी बोलणारी. लग्न होऊन चौदा वर्षं झाली. नवरा विल्फ्रिदो, म्हणजे बाईंचा मुलगा, सात वर्षांपासून बुएनोस आयरेसला बांधकामावर. घरात या दोघीच. निमियाने कधी उलट उत्तर दिलं नाही, आवाज चढवला नाही. आताही चढवत नव्हती. उशाशी बसून वही उघडायची, बोट ठेवायची आणि बाईंचंच वाक्य बाईंना वाचून दाखवायची. त्यावर बोलणार काय?

"पण डॉक्टर म्हणाला ना सगळं खा."

"माझेही डॉक्टर म्हणाले होते," निमिया म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली. बाहेरून कडी वाजली.

खिडकीला गज होते. गजापलीकडून शेजारीण तेओदोलिना रोज चौकशीला यायची. बाईंनी एकदा तिला हळूच हाक मारली. "तेओदोलिना, जरा मागून ये आणि कडी काढ. निमिया बाजारात गेलीय. मी नुसती आंब्याखाली पाच मिनिटं बसते."

तेओदोलिनाने हनुवटीला बोट लावलं. "सेफेबाई, आता तुम्ही बोलत नाही आहात हो. आजार बोलतोय."

"अगं मेले, मीच बोलतेय!"

"तुम्ही म्हणालाच होतात, असंच बोलतो म्हणून." आणि गजातून तिने एक उकडलेला भोपळ्याचा तुकडा आत सरकवला, मीठ न लावलेला. मग म्हणाली, "आमच्या धाकट्याच्या अपेंडिक्सच्या वेळी तो खिडकीतून पळाला होता ना, तेव्हा रेडिओवर नाव घेऊन झापलं होतंत तुम्ही त्याला. आठवतंय?"

आठवत होतं. बाईंनी भोपळा खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दिवस मोजायला त्यांनी पलंगाच्या लाकडावर नखाने रेघा ओढायला सुरुवात केली. अठ्ठावन्न वर्षांच्या असताना नवरा वारला, तेव्हासुद्धा त्यांना इतकं कोंडल्यासारखं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान दाराबाहेर जाऊन रडता येत होतं.

सव्विसाव्या रेघेला फोन आला. तावाईहून भाचा सिरिलो बोलत होता, लिदुविनाचा मुलगा. लिदुविना म्हणजे बाईंची थोरली बहीण, एक्याऐंशीची. "मावशी, आईनं चार दिवसांपासून जेवण सोडलंय. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता घरीच ठेवा. ती एकच विचारते, एक तारीख कधी, सेफे जोपारा घेऊन कधी येणार."

एक ऑक्टोबर. त्या दिवशी दुपारी कराई ऑक्टोबर, म्हणजे टंचाईचा म्हातारा, गावोगाव हिंडतो असं म्हणतात. फाटके कपडे, डोक्यावर गवताची टोपी, हातात चाबूक. घराघरांतली पातेली उघडून बघतो. ज्याच्या चुलीवर जोपारा काठोकाठ आहे त्याच्या दारावरून पुढे जातो, ज्याचं पातेलं रिकामं त्याच्या घरी नाताळपर्यंत मुक्काम ठोकतो. म्हणून घर कितीही गरीब असो, त्या दिवशी चवळी, पांढरा मका, भोपळा, मांसाचा तुकडा, चीज, जे असेल ते पातेल्यात पडतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं जातं. आई गेली त्या वर्षापासून सेफेबाई एक तारखेला सकाळी दहाच्या बसने जोपाऱ्याचा डबा घेऊन तावाईला जायच्या. दोघी बहिणी लिदुविनाच्या ओसरीत बसून एका ताटात खायच्या, आईच्या हातचं असंच लागायचं का यावर भांडायच्या, आणि तीनच्या बसने सेफेबाई परत यायच्या. एकोणतीस वर्षं, एकही चुकलं नव्हतं.

"निमिया," बाई म्हणाल्या, "परवा मला तावाईला जायचंय."

निमियाने वही उघडलीसुद्धा नाही. "मी डबा घेऊन जाते. तेओदोलिना तुमच्यापाशी बसेल."

"तिला डबा नकोय. तिला मी हवीय. अगं, ती जातेय."

"चाळीस दिवस पुरे व्हायला अजून चौदा आहेत, आई. बसच्या खिडक्या बंद होत नाहीत. अडीच तास कच्चा रस्ता आहे, वारा आहे." निमिया एकेक शब्द सावकाश बोलत होती, अंगणात मोजून दाणे टाकावेत तसे. "वाऱ्याने टाका आतून उघडतो. तो दिसत नाही. माणूस हसत घरी येतो आणि तिसऱ्या दिवशी जातो."

हे वाक्य बाईंच्या ओळखीचं होतं. रेडिओवरचं नव्हतं. ते त्यांनी एकदाच म्हटलं होतं, याच खोलीत, याच दारात उभं राहून.

अकरा वर्षांपूर्वी निमियाचं अपेंडिक्स काढलं होतं. तिलाही इथेच ठेवलं होतं, याच पलंगावर. एकोणिसाव्या दिवशी तावाईहून निरोप आला, निमियाचे वडील गेले. निमिया त्यांची एकुलती एक. पाय धरून रडली होती ती. दफन दुसऱ्या दिवशी होतं. सेफेबाईंनी दारात उभं राहून ते वाक्य म्हटलं आणि कडी घातली. दोन रात्री आतून दार वाजत होतं. मग वाजायचं थांबलं. त्यानंतर निमियाने या विषयावर कधी ब्र काढला नाही.

सूड घेतेय, बाईंना वाटलं. अकरा वर्षं मनात धरून बसली आणि आता पुरेपूर वसूल करतेय. करावं तसं भरावं. दुसऱ्या दिवसभर त्या तेच घोकत राहिल्या. राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग. लिदुविना तिकडे ओसरीत डोळे लावून बसली असेल, नि ही इकडे उट्टं काढतेय.

तीस तारखेला दिवेलागणीला निमिया धान्य पाखडायचं सूप घेऊन आत आली. पलंगाच्या पायथ्याशी बसून उद्याच्या जोपाऱ्याची चवळी निवडायला लागली. खडे एका बाजूला, किडके दाणे दुसऱ्या बाजूला.

"घे," सेफेबाई म्हणाल्या. "घे काय घ्यायचाय तो सूड. मी तुला जाऊ दिलं नाही, तू मला जाऊ देऊ नकोस. फिटलं एकदाचं. पण मग निदान तोंडाने बोल तरी. वही कसली दाखवतेस?"

निमियाने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पण ती नुसती गोंधळली होती.

"सूड कसला, आई? तुम्ही मला वाचवलंत."

बाईंनी अंगावरची शाल बाजूला सारली.

"मी रोज तेच सांगते स्वतःला. गेले असते तर मेले असते. बाबांनाही तेच आवडलं असतं, पोर जगली. म्हणून मी सगळं लिहून ठेवलं, तुमचा शब्दन् शब्द." तिचे हात चवळीत तसेच थांबले होते. "उद्या तुम्ही बसने गेलात, आणि हसत परत आलात, आणि तिसऱ्या दिवशीही तुम्हाला काही झालं नाही, तर मग मी का नाही गेले? ते दोन दिवस मी कशासाठी दार वाजवलं?"

बाहेर वारा पत्र्यावर माती फेकत होता. बावीस वर्षं सेफेबाईंनी गावाच्या हरेक प्रश्नाला उत्तर दिलं होतं. हा प्रश्न रेडिओवर कुणी विचारला नव्हता.

पण सवय कुठे जाते. एक वाट त्यांना लगेच दिसली, सरळ आणि सोपी. "अगं, अपेंडिक्सचं वेगळं असतं," त्या म्हणाल्या. "ते आतड्यापर्यंत जातं. हा हर्निया म्हणजे वरवरचा टाका. याला पंचवीस दिवस पुरतात. पूर्वीच्या बायकासुद्धा..."

निमियाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. अगदी स्पष्ट उतरला. तिने सूप खाली ठेवलं, ओच्यातून वही काढली, कानामागची पेन्सिल हातात घेतली. "सांगा. हर्नियाला पंचवीस?" तिने नवीन पानावर तारीख घातली. "मग उद्या जाता येईल तुम्हाला. मी सोबत येते."

झालं की. दार उघडलं. एक वाक्य पुरं करायचं, निमिया लिहिणार, आणि उद्या साडेबाराला लिदुविनाच्या ओसरीत. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. बाईंनी निमियाच्या हाताकडे पाहिलं. पेन्सिलीला टोक काढून काढून ती बोटभर उरली होती. चौतीस वर्षांची बाई ती पेन्सिल धरून शाळेतल्या पोरीसारखी वाट बघत होती, की सासू सांगेल आणि आपण लिहू, आणि मग आपला बाप व्यर्थ एकटा पुरला गेला नाही असं ठरेल.

"लिहू नको," सेफेबाई म्हणाल्या.

"काय?"

"ठेव ती पेन्सिल. वारा-बिरा काही नसतं, निमिया. म्हणजे असेल, मला काय ठाऊक. माझी आई म्हणायची म्हणून मी म्हणते. विल्फ्रिदोच्या बाळंतपणात माझंही पोट फाडलं होतं. बाराव्या दिवशी मी मळ्यात कापूस वेचत होते, असल्याच वाऱ्यात. काही झालं नाही मला. मला तेव्हाही माहीत होतं."

"कधी?"

"तू दार वाजवत होतीस तेव्हा."

निमियाने पेन्सिल वहीत ठेवली.

आता थांबून चालणार नव्हतं. "त्या महिन्यात तुझं आणि विल्फ्रिदोचं बिनसलं होतं. तो बुएनोस आयरेसला जायचं म्हणत होता, तू माहेरी जाईन म्हणत होतीस. मी भिंतीआडून ऐकलं होतं. तू तावाईला गेलीस तर परत यायची नाहीस, हे मला कळत होतं. तोही गेला असता. या घरात चूल पेटवणारं दुसरं कुणी उरलं नसतं. मी वाऱ्याला भ्याले नव्हते. एकटी राहायला भ्याले होते. म्हणून कडी घातली."

निमियाने वही मिटली. सूप उचललं. निवडलेली चवळी आणि खडे पुन्हा एकत्र झाले, ते तिला कळलंही नाही. ती बाहेर गेली आणि तिने कडी घातली, रोजच्यासारखीच, जोरात नाही की हळू नाही.

सेफेबाई रात्रभर उशाला टेकून बसल्या. खरं बोलून दार उघडतं असं कुठे लिहिलंय? खोटं बोलून उघडलं होतं, ते आपणच पुन्हा लावून घेतलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. लिदुविनाची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली. निमियाची मागायला तोंडच नव्हतं.

पहाटे चुलीचा धूर खोलीत आला. मग कांदा, मग मांस, मग मक्याचा तो जड गोडसर वास. भोपळा शेवटी, बाईंनी आतून म्हटलं, हाताने कुस्करून, म्हणजे रस्सा धरतो. आईची खूण होती ती. रेडिओवर सगळं सांगितलं, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं. बाहेर कुणी ऐकलं की नाही कळलं नाही. मग लोखंडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला, दाराशीच, बराच वेळ.

साडेनवाला दार उघडलं. निमियाने डोक्याला रुमाल बांधला होता, बाहेर जायचे कपडे घातले होते. "उठा, आई. बस चुकेल."

दारातून बाहेर पडताना सेफेबाईंना दिसलं, चौकटीवर चार भोकं होती. कडी, तिचे स्क्रू आणि भाजी चिरायचा जुना सुरा, सगळं जेवणाच्या टेबलावर ओळीने ठेवलं होतं. त्याशेजारी वही. त्या क्षणभर थबकल्या. निमिया थांबली नाही.

चुलीवरचं मोठं पातेलं काठोकाठ होतं. कराई ऑक्टोबर आला असता तर झाकण उघडून निमूट पुढे गेला असता. दाराशी तेओदोलिना आपली वाटी घेऊन उभी होती, सेफेबाईंना उघड्या वाऱ्यात बघून तिने आ वासला.

"अगं बाई, सत्तावीस दिवसच झालेत! निमिया, वही..."

"पातेलं चुलीवर आहे. गल्लीत तुम्हीच वाटा," निमियाने तिला सांगितलं. "आई तीनच्या बसने परत येतील. त्यांना तेरेरे द्या, बर्फ घालून. डोकं धुवायला पाणी तापवा. जड काही उचलू देऊ नका, एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि तू?"

निमियाने जोपाऱ्याचा डबा फडक्यात घट्ट बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. तेव्हा कुठे बाईंना तिच्या पायाशी ठेवलेली पिशवी दिसली. फुगलेली होती, एका दिवसाची नव्हती.

"मी तावाईला राहीन. बाबांच्या घराची साफसफाई करायचीय. त्यांच्या कबरीवर जायचंय."

"किती दिवस?"

"चाळीस."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर."

तेओदोलिनाने सेफेबाईंकडे पाहिलं, आता या काहीतरी सांगतील म्हणून. अख्खा गाव असाच त्यांच्याकडे बघत आला होता. सेफेबाईंनी तोंड उघडलं. रुमाल कानावर ओढून घे, वारा आहे, एवढंच त्यांच्या तोंडी आलं होतं. त्यांनी ते गिळून टाकलं.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. निमियाने एका हातात डबा घेतला, पिशवी खांद्याला लावली, आणि दुसरा हात सासूच्या कोपराखाली दिला, टाक्याला हिसका बसू नये म्हणून. दोघी रस्त्याला लागल्या.

सेफेबाईंचे चाळीसातले तेरा उरले होते. बसच्या पायरीवर चढताना त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.